काशक्काचं कोंबट पाणी

मंठाळच्या शाळेत बदलून आलो तेव्हा घरमालकांनी किल्ली हातात देताना दोन गोष्टी बजावल्या. मागच्या दाराची कडी तुटली आहे, ती बसवून घ्या. आणि पाण्याची घागर काशक्काकडून घेऊ नका.

"दिसायला लई देखणी ऱ्हाती, गुरुजी. पण पाणी गार होत न्हाई."

हे ते सांगत होते तेव्हा त्यांच्याच ओसरीत तिवईवर एक घागर होती. गडद तांबडी, गुळगुळीत, खिडकीतला उजेड पोटावर घेऊन बसलेली. ही कुणाकडची, असं मी विचारलं. मालक जरा ओशाळले.

"तिचीच हाय. घरात बाया ऐकत न्हाईत."

दुसऱ्या दिवशी मीही तिचीच घागर घेऊन आलो. त्या गावातली माझी पहिली खरेदी ती, आणि पहिला पश्चात्तापही. पाणी खरंच कोंबट राहायचं. तरी बारा वर्षं मी तिच्याचकडून घागरी घेतल्या. शहाणपणानं घेतलेल्या वस्तू माझ्या घरात इतरही बऱ्याच होत्या. त्यांतली एकही मी कधी नुसती बघत बसलो नाही.

काशक्काचं घर माझ्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे. माहेर कडगंचीकडचं, त्यामुळे राग आला की कानडी, सौदा करताना मराठी, आणि मडकी न्यायला टेंपो घेऊन येणाऱ्यांशी दखनी उर्दू. तिन्ही भाषांत ती सारख्याच वेगानं बोलायची आणि तिन्हींत शेवटचा शब्द तिचाच असायचा. बांधा ठेंगणा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि उजव्या हाताचा अंगठा डाव्यापेक्षा जाड. तो घोट्यानं जाड झाला होता.

घोटा म्हणजे मुठीत मावणारा काळा गोटा. तिनं तो लग्नात माहेरहून आणलेला. बाकीचा आहेर कधीच विरला, फुटला, वाटला गेला. गोटा तेवढा उरला. नवरा, माणिकअप्पा, चाकावर मडकं काढायचा, थापीनं ठोकून त्याचं पोट फुगवायचा आणि सावलीत ठेवून द्यायचा. ते निम्मं वाळलं की काशक्काच्या ताब्यात यायचं. गेरूच्या पाण्याचा हात द्यायचा, ते पाणी मातीनं ओढून घेतलं की घोट्यानं घासायला बसायचं. मांडीत मडकं, एक हात आतून आधाराला, दुसऱ्यात घोटा. खालून वर, पुन्हा खालून वर. हळूहळू मातीचा मंदपणा जाई आणि चामड्यासारखी तकाकी येई. इतर बायका तिथं थांबत. काशक्का थांबत नसे. मडक्यात स्वतःचं कुंकू दिसेपर्यंत ती घासायची.

आणि इथेच सगळं भांडण होतं.

मडकं पाणी गार करतं ते पाझरून. मातीला बारीक छिद्रं असतात, त्यांतून ओल बाहेर येते, वाऱ्यानं सुकते आणि आतलं पाणी गार होतं. घोट्यानं ती छिद्रं बुजतात. आजूबाजूच्या गावचे कुंभार म्हणूनच गळ्यापाशी घोटतात आणि पोट खरबरीत ठेवतात. दिसायलाही बरं, पाण्यालाही बरं. ही युक्ती या दोघांना ठाऊक नव्हती असं नाही. पण तडजोड केली असती तर जन्मभर भांडायचं कशावर?

"घागर हाय ती, आरसा न्हाई," माणिकअप्पा म्हणायचा. चाकावरून मान वर न करता. तो उंच, वाळका, बोलायला कंजूस माणूस. दिवसभरात जेवढे शब्द वापरायचा त्यातले निम्मे याच वाक्यात खर्च व्हायचे.

"मातीलाबी तोंड असतंय," काशक्का म्हणायची. "न धुता कुणाला दाखवायचं?"

"पाणी काय तोंड बघून गार होतंय का?"

"तुमी गार करा की मग. फुंकर मारत बसा."

लग्नाच्या ऐरणीत मात्र तिचं राज्य असे. आमच्याकडे लग्नाआधी वाजतगाजत कुंभाराच्या घरी जाऊन रंगवलेली मडकी आणतात, त्यांना ऐरणी म्हणतात. त्यांत पाणी पिण्याचा प्रश्न नसतो. ती देवापुढे ठेवायची. त्यामुळे ऐरणी घोटताना माणिकअप्पा गप्प बसे, आणि काशक्का अशी घोटायची की वर पांढऱ्या चुन्याचे पट्टे ओढताना बघून माझ्या जिवावर यायचं. उदगीरकडची माणसं गाड्या करून तिच्या ऐरणी न्यायला येत. त्या दिवशी ती नवीन लुगडं नेसून दारात बसायची, जणू लग्न तिच्याच घरचं आहे.

माणसांनाही ती मडक्याच्याच मापानं मोजायची. आमचे मुख्याध्यापक फार गोड बोलत. त्यांच्याबद्दल तिचं मत होतं, "वरून घोटलाय, आतून कच्चा हाय." मला म्हणाली होती, "तुमी भाजलाव बरे, गुरुजी. पण घोटायचं ऱ्हायलंय." मी ती स्तुती समजून घेतली.

एवढी तोंडाळ बाई, पण तिला एकच गोष्ट हवी होती आणि ती मिळत नव्हती. माणिकअप्पानं एकदा, फक्त एकदा, तिच्या हातच्या मडक्याला चांगलं म्हणावं. ती हे कुणालाही सांगायची. मला, पोस्टमनला, माठ घ्यायला आलेल्या अनोळखी बाईला. "सगळं गाव चांगलं म्हणतंय. ह्यांच्या तोंडाला काय कुलूप हाय का?" माणिकअप्पा शेजारीच बसलेला असायचा. तो माती मळत राही.

दुसरं भांडण आव्याचं. आवा म्हणजे मडकी भाजायची भट्टी. कमरेएवढी गोल भिंत, आत मडक्यांची रास, वर खापऱ्या, ओला कडबा आणि राखेचं पांघरूण, खाली जाळ घालायचं तोंड. आमच्या भागात तूर मुबलक, म्हणून जाळ तुराट्यांचा. तुराटी झटकन पेटते आणि झटकन संपते, त्यामुळे तोंडापाशी कुणीतरी पेंढ्या सारत बसावंच लागतं. ते काम माणिकअप्पाचं. अडचण अशी की जाळ मोठा झाला तर मडकं पक्कं होतं, पण घोटलेली चमक मरते. जाळ कमी ठेवला तर चमक राहते, पण मडकं कच्चं राहतं. म्हणजे आवा पेटला की नवरा-बायकोचं भांडणही पेटायचं.

"बास करा आता."

"आनिक दोन पेंढ्या."

"बास म्हणलं न्हवं? माझं सगळं मातेरं करायलाव तुमी!"

"मातीच हाय ती," माणिकअप्पा म्हणायचा, आणि दोन पेंढ्या सारायचा.

एकदा आवा पेटलेला असतानाच माणिकअप्पाची दाढ इतकी ठणकायला लागली की त्याला बसवकल्याणला न्यावं लागलं. जाताना गालावर हात धरून त्यानं बायकोला सांगितलं, मी येईस्तोवर पेंढ्या घालत ऱ्हा. काशक्कानं मान हलवली. टमटम वळणावरून दिसेनाशी झाली आणि तिनं चिखलाचा गोळा घेऊन आव्याचं तोंड लिंपून टाकलं.

मी ओसरीवरून बघत होतो. तिनं ते पाहिलं.

"कामून बघायलाव, गुरुजी? जाळ झालाय पुरता."

मडकी निघाली ती अशी, की तसली चमक मी आयुष्यात पाहिली नाही. अंगणभर जणू पिकलेली जांभळी-तांबडी फळं मांडली होती. माणिकअप्पा दाढ काढून, तोंडात कापसाचा बोळा घेऊन आत झोपला होता. तो उठायच्या आत तिनं चार-पाच घागरी विकूनही टाकल्या. त्यांतली एक सरपंचांच्या सुनेनं घेतली, नळावर भरली, डोक्यावर उचलली, आणि मारुतीच्या पारापाशी आल्यावर घागरीनं शांतपणे राजीनामा दिला. फुटण्याचा आवाजसुद्धा झाला नाही. नुसती बसली. सूनबाई नखशिखांत भिजून उभी आणि पारावरचं सगळं रिकामटेकडं मंडळ साक्षीला.

माणिकअप्पा बाहेर आला. बोळ्यामुळे त्याला बोलता येत नव्हतं. तो नुसता एकेका मडक्यावर बोटाचं हाड वाजवत गेला. पक्कं मडकं टणटणतं. ही सगळी थपथपत होती. प्रत्येक थप् झाल्यावर तो वळून बायकोकडे बघे. शिव्या देता आल्या असत्या तर बिचारीला इतकं लागलं नसतं.

ज्यांनी ज्यांनी घागरी नेल्या त्यांना तिनं नव्या दिल्या. मग पारापाशी जाऊन फुटलेली घागर पदरात गोळा करून आणली, अंगणात उन्हात मांडली आणि मला हाक मारली.

"ते जाऊ द्या, गुरुजी. पण खापऱ्याबी कशा चमकायल्यात, बघा की!"

माणिकअप्पाच्या सुजलेल्या गालावर काहीतरी हललं. हसला असावा. कापसामुळे नक्की सांगता येत नाही.

मग तो सत्काराचा प्रसंग. कलबुर्गीतल्या एका संस्थेला अचानक मातीची आठवण झाली. त्यांनी कारागिरांचा मेळावा भरवला, काशक्का आणि माणिकअप्पाला बोलावलं आणि सोबत म्हणून मला. व्यासपीठावर मातीच्या थोरवीवर बोलणाऱ्या प्रत्येकापुढे पाण्याची प्लास्टिकची बाटली होती. काशक्काची घागर खाली, समईशेजारी, हार घालून बसवलेली. तीन वक्त्यांनी या मातीशी आपलं नातं सांगितलं. चौथ्यानं तर आपण स्वतः मातीच आहोत असं जाहीर केलं, आणि ते खोटं नसावं.

मग फोटोवाल्याच्या आग्रहावरून प्रमुख पाहुण्यांनी त्या घागरीतलं पाणी प्यायचं ठरलं. पाहुण्यांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि माइकवर कानडीत म्हणाले, आहाहा, याच्यापुढे फ्रिज काय करणार!

माणिकअप्पा शेजारीच उभा होता. खांद्यावर शाल, डोक्यावर जरा मोठा झालेला फेटा. तो कानडीतच, पण माइकला ऐकू जाईल इतक्या जवळून म्हणाला, "कोंबट हाय ते, साहेब."

पाहुण्यांनी डोळे उघडले.

"घोटतीया लई," त्यानं खुलासा केला. "गार व्हायचंच न्हाई."

"घरी बोला की!" काशक्का कडाडली, सभेला कळू नये म्हणून रागातही मराठीत. "हितं कामून?"

पुढच्या दोन ओळींतले लोक हसले, मग सगळेच हसले, आणि पाहुण्यांनीही हसून वेळ निभावली. त्या दिवशी व्यासपीठावर खरं असं एवढंच बोललं गेलं होतं.

परतीच्या बसमध्ये काशक्का खिडकीकडे तोंड करून बसली. माणिकअप्पानं आपली सत्काराची शाल काढली, खिडकीतून गार वारा येत होता तिथं तिच्या पायांवर टाकली आणि मागच्या सीटवर जाऊन झोपला. ती शाल तिनं काढून टाकली नाही. हुमनाबाद मागं पडल्यावर ती मला हळूच म्हणाली, "एवढ्या मोठ्या माणसानं चांगलं म्हणलं, गुरुजी. खोटं का व्हईना, म्हणलं. ह्यांनी न्हाई म्हणलं."

त्यानंतर दोनेक वर्षांनी माणिकअप्पाला दम लागायला लागला. आधी आव्यापाशी, मग चाकावर, मग नुसतं बसल्या जागी. बिदरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, धुरापासून लांब राहायला सांगितलं. धुरापासून लांब म्हणजे घरापासूनच लांब. तो अंगणातल्या बाजेवर पडून राहिला. चाक त्यांच्या मुलानं, संजूनं, हातात घेतलं. शाळा सुटली की मी बाजेपाशी जाऊन बसायचो. माणिकअप्पा बोलत नसे, मीही नसे. बोलायचं काम काशक्का एकटी सांभाळायची.

एका संध्याकाळी संजूनं काढलेली मडकी सावलीत वाळत होती. एका बाजूला दोन लहान मडकी वेगळी ठेवली होती. ती मयताची. कुंभाराच्या घरी तसली एकदोन नेहमी तयार असावी लागतात, कारण ती मागायला येणारा आधी निरोप पाठवत नाही. या मडक्यांचा एक दंडक आहे. ती घोटत नाहीत, त्यांना गेरू लावत नाहीत. घडवण्यापुरता हात लागला तेवढा पुरे. जे फोडायचंच आहे त्याच्यावर हात रेंगाळू द्यायचा नाही, नाहीतर जाणाऱ्याचा पाय अडकतो म्हणतात.

काशक्का एक घागर घोटत होती. माणिकअप्पा बराच वेळ तिच्या हाताकडे बघत होता. मग त्यानं त्या दोन मडक्यांकडे बोट केलं.

"त्यातलं एक घे."

"ते मयताचं हाय."

"ठावं हाय. घोट."

घोटा थांबला. "येडं लागलंय का तुमाला? मयताचं कुणी घोटतंय का?"

"माझं हाय ते," माणिकअप्पा म्हणाला.

काशक्कानं माझ्याकडे पाहिलं, जणू हे मी त्याला शिकवलं होतं. मग एकदम कानडीत काहीतरी बोलली, खूप वेगानं, आणि मध्येच तिचा आवाज फुटला. तो तिला बोलू देत राहिला. ती थांबल्यावर दम घेत घेत म्हणाला, "घोट, काशे. चांगलं घोटतीस तू. गावाला कळू दे कुणाच्या हातचं हाय."

एवढंच. चाळीसेक वर्षं अडून बसलेलं वाक्य, आणि ते असं, मयताच्या मडक्यावरून आलं. मी उठून घरी आलो. तिथं तिसऱ्या माणसाचं काही काम नव्हतं.

अंधार पडेपर्यंत समोरून घोट्याचा आवाज येत होता.

पुढच्या आठवड्यात संजूनं आवा पेटवला. धूर नको म्हणून माणिकअप्पाची बाज माझ्या ओसरीवर आणून ठेवली होती. तिथून रस्त्यापलीकडचा जाळ दिसत होता. काशक्का आव्यापाशी उभी होती, पण त्या दिवशी तिनं तोंडातून शब्द काढला नाही. संजू पेंढ्यांमागून पेंढ्या सारत होता, बापानं शिकवल्याप्रमाणे. आणि मग बाजेवरून, होता नव्हता तो दम एकवटून, हाक गेली.

"बास कर, संजू! चमक जाईल!"

काशक्कानं पदर डोळ्यांना लावला. धूर तिच्याकडे येत नव्हता.

चैत्र संपता संपता माणिकअप्पा गेला. अंगणात माणसं जमली, काशक्का आतून मडकं घेऊन आली आणि तिनं ते संजूच्या पुढ्यात ठेवलं. भावकीतला एक म्हातारा पुढे झुकला, मडकं निरखलं आणि म्हणाला, "हे काय, काशव्वा? घोटलेलं? लगीन हाय का?"

"त्यांनी सांगितलंय," ती म्हणाली. म्हातारा मागं सरला.

आमच्याकडे बायका ओढ्याकाठच्या स्मशानापर्यंत जात नाहीत. संजूनं खांद्यावर पाणी भरलेलं मडकं घेऊन चितेला फेरे घातले. प्रत्येक फेऱ्याला मागून एक जण दगडानं भोक पाडी आणि पाण्याची धार पडे. मी जवळच उभा होतो, माझ्या पायांवर पाणी आलं. शेवटी संजूनं मागं न बघता मडकं टाकून दिलं. कमी भाजलेलं होतं ते. आवाज न करता बसलं.

संध्याकाळी मी समोर गेलो. काशक्का भिंतीला टेकून बसली होती. दिवसभर रडून झाल्यावर माणूस जसा दिसतो तशी. तीच म्हणाली,

"तुमी जवळ हुबारला होताव, गुरुजी?"

"होतो."

"खापऱ्या?"

"चमकत होत्या," मी म्हणालो. "ऊन होतं. लांबूनही दिसत होत्या."

तिनं मान हलवली. मग खालीच बघत विचारलं, "आन् पाणी?"

मी खोटं बोलू शकलो असतो. पण त्या घरात पाण्याबद्दल खोटं बोलायची पद्धत नव्हती.

"कोंबट होतं."

काशक्कानं पदराचा बोळा तोंडाशी धरला. आधी वाटलं पुन्हा रडू फुटलं. खांदे गदगदत होते. मग लक्षात आलं, ती हसत होती. "म्हणलं न्हवतं का त्यांनी," ती म्हणाली. "म्हणलं न्हवतं का?"

मी निवृत्त होऊन लातूरला आलो. येताना तिनं एक घागर दिली. ती तिवईवर आहे. पाणी आम्ही फ्रिजमधलं पितो. घागरीत मी अधूनमधून पाणी भरतो आणि बायको विचारते, कशाला. गेल्या माघात मंठाळला एका विद्यार्थ्याचं लग्न होतं म्हणून गेलो, आणि दुपारी जुन्या घराकडे पाय वळले.

समोर आवा पेटलेला होता. तोंडापाशी संजू उकिडवा बसला होता. काशक्का काठी टेकून त्याच्या मागं उभी. आता पाठीत वाकली आहे, एका डोळ्यानं कमी दिसतं. मी आल्याचं तिला कळलं नाही. संजूनं कपाळ पुसलं, आव्याकडे बघितलं आणि लिंपायला चिखलाचा गोळा उचलला.

"बास झालं, आई. चमक जायलीय."

"जाऊ दे," काशक्का म्हणाली. "आनिक दोन पेंढ्या."

"अगं, सगळ्या ऐरणीच हायत आत. त्यात कोण पाणी पेतंय?"

"आनिक दोन, म्हणलं न्हवं?"

संजूनं माझ्याकडे बघून कपाळावर हात मारला. मग गोळा खाली ठेवला आणि एक पेंढी आत सारली. तुराट्या तडतडल्या, भिंतीच्या फटींतून जाळ लाल झाला, आणि त्या उजेडात म्हातारी काठीवर हनुवटी टेकवून दुसऱ्या पेंढीची वाट बघत उभी राहिली.